मोहाखालची मोजणी

रुची : तू झाडलंस? मोहाखालचा सगळा पाचोळा झाडलास, गुंजन?

गुंजन : होय न वं. सकाळी सहालेच. आमच्या गावी, देवरीले, मोह पडाच्या आंधी आम्ही असंच झाडतो. पाचोळ्यात फुलं कशी दिसन?

रुची : अगं, माझा प्रोजेक्ट आहे तो! आठ दिवस मी इथे बसून मोजतेय, कॅम्पसमध्ये कोण कोणत्या झाडाखाली बसतं ते. जागेला हात लावायचा नाही, हा पहिला नियम!

गुंजन : मंग मोहाखाली किती बसले?

रुची : तीन. आणि एक बकरी.

गुंजन : म्हंजे चार.

रुची : हसू नको! अकरा वाजता प्राचार्यांना आकडे द्यायचेत. कुणी बसत नाही असं दिसलं, तर झाड तोडून स्कूटर स्टँड.

गुंजन : मांगं पाह्य जरा.

रुची : अरे बाप रे! या सगळ्या कुठून आल्या?

गुंजन : होस्टेलच्या पोट्ट्या. ओढणीत फुलं येचून राहिल्या. लायब्ररीवाली बाई त फाइलच्या पुट्ठ्यावर भरून राहिली!

रुची : थांब, लिहू दे. सतरा, अठरा... तो लाल शर्ट हलला! पकडून ठेव त्याला!

गुंजन : कायले पकडू? माणूस होय तो, बेडूक नाही!

रुची : एकोणचाळीस! एकोणचाळीस, गुंजन! वहीत रकाना पुरेना!

गुंजन : आता ते तीन खोडून टाक.

रुची : छे. झाडण्याआधी तीन, झाडल्यावर एकोणचाळीस. दोन्ही लिहिणार.

गुंजन : अन् झाड गेलं त?

रुची : तरी.

गुंजन : पागल आहेस. अन् बकरी?

रुची : बकरी तळटीपेत.

गुंजन : चूप! प्राचार्य येऊन राहिले, शालीकराम सर.

शालीकराम सर : अकरा वाजले. किती लोक बसतात इथे?

रुची : झाडण्याआधी तीन, सर. झाडल्यावर एकोणचाळीस. झाडलं हिनं, मला न विचारता.

शालीकराम सर : म्हणजे फरक एका खराट्याचा?

रुची : एका दिवसावरून तरी तसंच दिसतंय, सर.

(सर वाकतात, एक फूल उचलून तोंडात टाकतात.)

गुंजन : सर, धुतलं नाही ते!

शालीकराम सर : आम्ही केशोरीचे, मोहाच्या रानातले. धूत कोण बसतं?

रुची : सर... तुम्हाला मोजू? चाळीस होतील.

शालीकराम सर : मोज. आणि गुंजन, उद्या सहालाच ना? खराटा मी आणतो.