मंडळाचा डबा

बीडच्या दवाखान्यात वॉर्डाबाहेर उमापूरची तुळजाबाई भाकरीचं फडकं सोडून बसली होती. शेजारी एक म्हातारा कँटीनची पोळी-भाजी प्लेटीतून पितळी डब्यात भरत होता. तेवढ्यात एक तरणा माणूस आला.

"रामेश्वरकाका, डब्यात कावून भरता? प्लेटच द्या की आबाला."

"आदिनाथ, तुझा बाप प्लेटीला हात लावत न्हाई. आपल्या दिंद्रुडचा माणूस दवाखान्यात असला, की सकाळच्या एस्टीनं गावातून डबा यायचा. रोज एका घरचा. त्यानंच काढलं व्हतं ते सेवा मंडळ."

"मंडळ बंद पडून लई वर्षं झाली."

"त्याला कशाला आठवण करून देऊ? अमक्याच्या घरचा हाय म्हणलं की जेवतो."

"काल कुणाचं नाव घेतलं?"

"दगडाबाईचं."

"काका! ती जाऊन दोन वर्षं झाली. आबानंच खांदा दिला तिला."

"निसटलं बघ तोंडातून. डबा देणारी घरं तरी किती उरलीत गावात?"

"मग? आबा काय म्हणला?"

"त्यानं डब्याकडं बघितलं. मग म्हणला, तिच्या हाताला चव व्हती. अन् डबा पुसून खाल्ला."

आदिनाथ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. तुळजाबाईनं आपल्यातली एक भाकरी उचलून त्या डब्यात ठेवली.

"घरची हाय, दादा."

"कुणाच्या घरची म्हणून सांगू, बाई?"

"आजबी दगडाबाईच्याच सांगा."