आमिषाची ओळ

बायको : …आता हे पान उलटा. एक तरी तुडतुडा दिसतोय का?

नवरा : नाही दिसत. कपाशीवर कीड नाही म्हणून कपाळाला हात लावणारी तू पहिलीच.

बायको : या शेतात कीड हवी असते, हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्हीच शिकवलंत ना! मधल्या ओळींत किडीच्या आवडीचं वाण लावायचं, तिथे तिला पोसू द्यायची, आणि शेजारचं नवं वाण तिच्यापुढे टिकतं का ते बघायचं. परवा इथलं पान हललं की तुडतुडे उडायचे. दुपारी समिती कीड मोजायला येतेय, आणि आज सगळं सामसूम.

नवरा : वाऱ्याने गेले असतील.

बायको : वाऱ्याला औषधाचा वास येत नाही. तुमच्या शर्टाला येतोय.

नवरा : शर्ट कालचा आहे.

बायको : कालचा बादलीत भिजतोय. मीच टाकलाय. फवारलंत ना?

नवरा : फवारलं! पहाटे पंप पाठीवर घेतला आणि फवारलं. पण फक्त माझ्या ओळींवर. तुझ्या झाडांवर थेंब उडू दिला नाही.

बायको : तुमच्या ओळी?

नवरा : मग कुणाच्या? ते वाण मी काढलंय, उमेदीची सगळी वर्षं घालून. एवढा लांब धागा आजही दुसऱ्या कुणाच्या बोंडात नाही. आणि तू ते किडीपुढे ताट वाढावं तसं मांडलंस! कडा पिवळ्या, पानं मुडपलेली. शेजारी तुझं लाडकं हिरवंगार. समितीतले माझेच जुने सोबती येऊन विचारणार, ‘हे रोगट कुणाचं हो?’

बायको : त्याची पानं गुळगुळीत आहेत, त्याला मी काय करू? तुडतुड्यांना अंडी घालायला मोकळं रान. माझ्या पानांवर दाट लव आहे, तिथे त्यांचा पाय ठरत नाही.

नवरा : लवेचं कौतुक मला नको. त्याच लवेत पांढरी माशी सुखाने संसार थाटते.

बायको : थाटते. ते समितीला मीच सांगणार होते. माझं वाण काही धुतल्या तांदळासारखं नाही.

नवरा : तरी उदोउदो तुझाच! परवा तो नवा साहेब मला म्हणतो, ‘तुम्ही मॅडमचे मिस्टर ना?’ मला! संकर करताना चिमट्याने कळी कशी उघडायची ते तुला कुणी दाखवलं? जळतो मी तुझ्यावर. झालं समाधान?

बायको : मला काय कळत नव्हतं? घरात माझ्या वाणाचं नावसुद्धा घेत नाही तुम्ही. ‘ते केसाळ’ म्हणता. मी हसण्यावारी नेत होते. चुकलंच माझं.

नवरा : रागाच्या भरात झालं गं.

बायको : राग एका फटक्यात निघतो. तुम्ही औषध कालवलंत, पंप भरलात, झाडामागून झाड करत ओळी संपवल्यात. मोजायला कीडच नाही, तर चाचणी कसली? माझं वर्ष गेलं.

नवरा : (पान हातात घेऊन) कुणी फवारलं म्हणून विचारतील.

बायको : विचारतीलच. नवऱ्याने म्हणून सांगू, की गुरूने म्हणून?

नवरा : तू नको बोलूस. मीच सांगतो.

बायको : काय सांगाल?

नवरा : फवारलं म्हणून. का फवारलं ते मात्र नाही सांगवणार.

बायको : मला सांगितलंत, तेवढं पुरे.

नवरा : पुढच्या वर्षी मधल्या ओळींत दुसरं एखादं वाण लाव.

बायको : तुमचंच लावणार. किडीला त्याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही.

नवरा : मग पेरायला तरी बोलाव मला.

बायको : पेरायला या. राखायला नको.