दोघांच्या बेताचा पंखा

त्र्याण्णव साली तंजावरच्या बस स्टँडवर पट्टुकोट्टैच्या बसची वाट पाहत होतो. मागून मराठी ऐकू आलं म्हणून कान दिला. साठीचं जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला नावेच्या मोटरीचा पंखा होता.

“अहो, हा तर जुन्याहून लहान आहे. यानं नाव जोरात कशी जाईल?”

“आपली मोटर जुनी, भामा. ओझं असलं की मोठा पंखा तिच्यानं पुऱ्या वेगानं फिरत नाही. हा फिरेल. मोटरही दोन बोटं वर चढवून बसवणार आहेत.”

“मग पोंगलच्या शर्यतीत शेजारच्या गिरीशला गाठाल?”

“त्याची मोटर नवी, जपानी. बघू. लोखंडी पेटी काढली, जादाचा नांगर काढला.”

“आणखी काय काढायला सांगितलं मेकॅनिकनं?”

“काही नाही.”

“मला?”

“त्यानं एवढंच विचारलं, नावेत किती जण बसणार.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“दोघं. म्हणून हा पंखा दिला. एकट्यासाठी मोठा दिला असता.”

“एकटे गेलात तर जिंकाल?”

“बहुतेक.”

“मग जा की. मी काठावरून बघते.”

“गेल्या वर्षी काठावरच होतीस. नावेत बोलायला कुणी नव्हतं.”

“हरलात तर आठवडाभर तोंड पाडून बसाल.”

“नाही बसणार.”

“सरि, येते. पण वळणावर मी ओरडेन हं.”

“ओरड.”