निळ्या स्वेटरचे पाहुणे

बसच्या रांगेत पुढे एक म्हातारं जोडपं होतं आणि त्यांच्यामागे पिशवी घेतलेली एक इथल्याच गावातली बाई.

"काय काकू, पाहिली का आमची राजधानी?"

"पाहिली की! तासाभरात संपली. ना समुद्र, ना गर्दी. विधानभवन तर मला आधी शाळाच वाटलं."

"मग कंटाळलात म्हणा."

"कंटाळते कसली? तिथंच यांचा हात सुटला नि हे दिसेनासे झाले. यांना हल्ली काही आठवत नाही हो. मागे आमच्या शहरात हरवले ते दोन दिवस सापडले नव्हते. आज तर माझ्या तोंडचं पाणीच पळालं."

"अगंबाई! मग?"

"मी तोंड उघडायच्या आत फुलवाली म्हणाली, 'निळा स्वेटर ना? किल्लीवाल्याकडे गेले.' किल्लीवाला म्हणाला, 'न्हाव्याकडे बसवलंय.' आणि न्हाव्यानं चक्क दाढी करून ठेवली होती!"

"तरीच काका एवढे तुळतुळीत दिसतायत!"

"आता कुणाकुणाचे आभार मानू, सांगा."

काका मागे वळून रांगेकडे पाहत म्हणाले, "सगळी ओळखीची माणसं दिसतायत. आपण इथलेच का गं?"

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"इथलेच की, काका," ती बाई म्हणाली. "आज जरा परगावी निघालायत, एवढंच."