वानगी कोठून घेता?

आता सुई टोचा ना बापा, नोका टोचू असं कोण म्हंते... पण कोठून? एवढंच इचारलं म्या, दोन हात जोडून इचारलं, तं लाहाना डॉक्टर मान खाली घालून हसला, मोठा डॉक्टर खेकसला, अन् माह्या घरवालीनं, कस्तुराबाईनं, डोक्यावरचा पदर पार हनुवटीपरेंत ओढला! तुमाले सांगतो, सत्तरीत आलेल्या माणसानं अर्धा अर्धा घंटा बसून थेंबाथेंबाची वाट पाह्यली, रबराची नळी घालून घेतली, चकार शब्द काढला नाई. पण आपल्याच आंगात सुई कोठून चालली, हे बी इचारू नाई?

मी इंद्रभान, रिसोडच्या बजारात चाळीस वर्स मापारी. शाळा पाह्यली नाई, पण पोतं पाह्यलं. ज्वारीच्या पोत्यात लोखंडाची पोकळ परखी खुपसायची, बाहेर ओढायची, पोकळीत जे दाणे येते ते वानगी. ते तळहातावर घ्याचे, धन्याले दाखवायचे, गिऱ्हाईकाले दाखवायचे, अन् सांगायचं, माल चोख हाये का काणीच्या रोगानं काळा पडलेला. आता मले सांगा, असा माणूस सुई पाहून काय इचारन? कोठून, हेच इचारन ना!

तं लढाईच्या साली मूत अडलं, वाशीमहून रेल्वेनं अकोल्याच्या दवाखान्यात आलो. संग कस्तुराबाई, अन् आमच्या बजारातला पोते शिवणारा युनूस, तो तं हाती दाभण घेऊनच जल्मला. लाहाना डॉक्टर म्हणे, "बाबा, मूत्राशयाखाली प्रत्येक पुरुषाला सुपारीएवढी गाठ असते. तुमची लिंबाएवढी झाली आहे. सुईनं तुकडा काढून दुर्बिणीखाली पाहू. साधी असेल तर कापून टाकू, बरे होऊन घरी जाल."

म्हटलं, "अन् साधी नसन तं?"

डॉक्टर भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहाले लागला. घड्याळ बंद होतं हो! कस्तुराबाई तवापासून माह्याकडं अशी पाहे, जसा मी गाडीत बसून चाललोच.

अन् मंग त्या दोघायचं सुरू! मोठा म्हणे, "पुढून घ्या. दोन मांड्यांच्या मधल्या कातड्यातून. स्वच्छ वाट. बारा वर्षं मी तशीच घेतो." लाहाना म्हणे, "साहेब, ती वाट लांबची, सुई अंधारात चालते. मागच्या वाटेनं घेऊ. आत बोट घातलं की गाठ बोटाखालीच लागते, सुई नेमकी तिथंच." मोठा म्हणे, "ती वाट घाणीची! पिकलं म्हणजे?" "पण चुकली म्हणजे?" "पिकेल!" "चुकेल!" मी मधात पाय वर करून पडलो, अन् हे दोघं माह्यावरून भांडून राह्यले, जसे दोन अडते एका पोत्यावरून! म्हटलं, "बापहो, काय ते ठरवा, पाय भरून आले." युनूस दारातून म्हणे, "इंद्रभानभाऊ, फिकर नोका करू, छेद मोठा पडला तं मी टाका मारून देतो!"

मोठा तो मोठा. पुढून घातली. काय सांगू... पायाचे अंगठे असे ताठ झाले का चार दिवस पाय जोड्यात जाईना! सुई निंघाली तसं म्या म्हटलं, "वानगी दाखवा."

"काय?"

"वानगी. धन्याले दाखवा लागते. बजाराचा कायदा हाये."

लाहान्यानं बाटली आणली. पाण्यात शेवयीचा तुकडा, नखाएवढा. म्हटलं, "याच्यावरून साऱ्या पोत्याचं सांगता? अन् हा निंघाला कोठून? गाभ्यातून का कडंनं?" लाहाना मोठ्याकडं पाहे, मोठा घड्याळाकडं.

आठ दिवसानं सांगतलं, गाठ साधी! कस्तुराबाई रडली, हसली, युनूसनं मले गळ्याशी लावलं. अन् मी? मले हिरालाल आठवला. रिठदच्या बाजूचा व्यापारी, बोलाले मोठा गोड. त्याच्या पोत्यात म्या तोंडाकडून परखी घातली, दाणा मोत्यावाणी, म्हटलं चोख. गिऱ्हाईकानं घरी ओतलं तं बुडाले अर्धं पोतं काणीनं काळं कुट्ट! वानगी खोटी नोती हो... जागा खोटी होती. त्या दिवसापासून मी तोंडाकडून बी परखी घालो, अन् बुडातून बी. आता हे मनात ठेवाचं का नाई? तं म्या ते सारं त्या दोघा डॉक्टरायपुढं मोठ्यानं बोलून बसलो!

कस्तुराबाई म्हणे, "अवो, जल्मात एकडाव कोणी तुमच्याबद्दल चांगलं सांगतलं, ते तरी ऐकून घ्या ना!"

पण लाहान्यानं उडीच मारली. "साहेब, हेच! महिनाभर मी हेच सांगतोय! वाईट जागा एका कोपऱ्यात असली तर एका सुईला सापडत नाही. बाबांना कळलं!" मोठ्यानं मिशीवरून हात फिरवला. एवढे दिवस खेकसणारा माणूस, पण आवाज बाप्पा असा मऊ काढला का मले तवाच शंका आली. म्हणे, "बाबा, मग तुमचं काय म्हणणं? दुसऱ्या वाटेनंही घ्यावी?"

आता मले सांगा, मी काय म्हणू? ज्या गोष्टीवर चाळीस वर्स पोट भरलं, तिलेच खोटी म्हणू? सुईले भेणारा मी, कोठून कोठून करत सारा दवाखाना डोक्यावर घेणारा मी, माह्याच तोंडानं म्हटलं... "घ्या."

मागून घातली. त्याचं वर्णन बायामाणसायपुढं करत नाई. पिकलं नाई एवढी देवाची किरपा, दोन दिवस ताप मातर आला. पुन्हा आठ दिवस वाट पाह्यली. त्या आठ दिवसात कस्तुराबाई नुसती भाकर समोर सरकवे, अन् मी खातो का नाई ते पाहे.

मंग दोघं डॉक्टर संगंच आले. "बाबा, तीही साधी. सोमवारी गाठ काढू. आता बसला विश्वास?"

म्या तोंड उघडलं. तसं कस्तुराबाईनं माह्यं मनगट धरलं. चार माणसायसमोर तिनं माह्या बोटाले बी कधी हात लावला नोता! हात बर्फावाणी थंडा. हळूच म्हणे, "बसला म्हणा."

म्हटलं, "बसला."

ते गेले, ती पाणी आणाले गेली, तसा युनूस कानापाशी आला. "भाऊ, खरं सांगा, बसला?"

अरे बापा, नाई बसला तं करतो काय... माणसाले तिसरी वाट देवानं देलीच नाई!