ओली माती

ओल्गा : आलं काही ऐकू?

हर्ब : नाही.

ओल्गा : हर्ब, सुई टोचून टोचून रेडिओच्या त्या खड्याला भोक पडेल, पण आवाज यायचा नाही.

हर्ब : गप्प बस गं जरा! हात हलतो माझा.

ओल्गा : सात वाजत आले. सातला आपली वेरा गाणार. माझी पोरगी रेडिओवर गाणार, आणि मी ह्या तंबाखूच्या डबीकडे बघत बसलेय!

हर्ब : डबीतला हा रेडिओ खिशात मावतो, बॅटरी लागत नाही, पोरंसोरंही बनवतात, असं त्या मासिकात छापलंय. तसाच्या तसा बनवलाय मी.

ओल्गा : शेजारच्या मळ्यावर क्लुगांकडे कपाटाएवढा रेडिओ आहे. बोलावलं होतं त्यांनी.

हर्ब : मग जायचंस.

ओल्गा : चालत? घोडी कुठे जुंपलीस तू!

हर्ब : सगळं चर्च जमणार तिथे. गाणं कोण ऐकतंय? माझं तोंड बघायला येणार. हाच तो बाप, पोरीला म्हणाला, ॲडलेडला जाऊन गाणंबिणं करायचं तर परत ह्या दारात पाय ठेवू नकोस.

ओल्गा : म्हणालासच ना?

हर्ब : म्हणालो.

ओल्गा : मग त्याची शिक्षा मला का? दोन वर्षं झाली तिचा आवाज ऐकून!

हर्ब : अगं, चुकलंय कुठे तेच कळत नाही! अँटेनाला तारेचं अख्खं कुंपण जोडलंय. अर्थिंगची तार नळाला बांधलीय, छापलंय तशी.

ओल्गा : ती जमिनीत जायला हवी म्हणत होतास ना? मग टाकीच्या नळाला कशाला?

हर्ब : दुसरा नळ आहे का आपल्याकडे? शहरातला नळ जमिनीतूनच... अरे देवा.

ओल्गा : काय झालं?

हर्ब : आपली टाकी लाकडी खांबांवर आहे! तार जमिनीला टेकलीच नाही. गाढव आहे मी गाढव! ती पहार दे. इथेच जमिनीत ठोकतो आणि तार तिला बांधतो.

ओल्गा : झालं?

हर्ब : कसलं डोंबल! माती नुसती पिठासारखी. ओली हवी. पाणी ओत.

ओल्गा : टाकीत वीतभर उरलंय. चहा सोडून थेंब काढायचा नाही, तूच म्हणालास.

हर्ब : ती बादली?

ओल्गा : भांड्यांचं पाणी आहे. तुझ्या टोमॅटोंसाठी ठेवलंय.

हर्ब : टोमॅटो गेले खड्ड्यात! ओत!

(ओल्गा बादली पहारीच्या बुडाशी रिकामी करते. हर्ब इअरफोन कानाला लावून सुई सरकवतो.)

हर्ब : लागलं! लागलं गं! कोणीतरी साबणाचं कौतुक करतोय.

ओल्गा : दे इकडे!

हर्ब : थांब... नाव घेतलं. कुमारी वेरा नोस्के म्हणाला.

ओल्गा : हर्ब, दे ना रे!

हर्ब : घे. हळू. डबीला धक्का लावू नकोस.

ओल्गा : आई गं! तीच आहे. तीच! जेवत नाही वाटतं नीट, आवाजावरून कळतंय. ये, तू पण ऐक.

हर्ब : तू ऐक.

ओल्गा : अरे, तुझी पोरगी गातेय!

हर्ब : माझ्या हातात आलं की सुई सरकते. तू ऐक. हलू नकोस.

ओल्गा : मग बादली घेऊन कुठे निघालास?

हर्ब : टाकीकडे. ही माती लगेच सुकते.