सायकलवरून सासुरवाडी

नको हो, बसा तुम्हीच! बसता येत असतं तर या स्वारगेटला असा खांबाला टेकून उभा राहिलो असतो का? तुम्हाला सांगतो, काल मी वाघोलीहून माणगावला सायकलने गेलो. हो, सायकलने! आख्खा सह्याद्री ओलांडून! हसू नका... बरं, हसा.

हौस नव्हती हो. बायको माहेरी गेलीय, पूर्वा. भांडण नाही, आदळआपट नाही, शांतपणे बॅग भरली आणि म्हणाली, "दिग्विजय, तुझी गिटार अर्धी, पोहणं अर्धं, स्वयंपाकघराची एक भिंत पिवळी आणि बाकीच्या तशाच. मी दमलेय. एक तरी गोष्ट शेवटपर्यंत कर, मी परत येते." ओरडणाऱ्या बायकोला उत्तर देता येतं, शांत बायकोला काय देणार? म्हटलं, तुझ्या माहेरी सायकलने येऊन दाखवतो! गेलं तोंडातून निघून...

पहाटे निघालो. येरवडा येईपर्यंत मीच राजा! चांदणी चौकात जीभ बाहेर. एक आजोबा फिरायला निघालेले, मला चालत मागे टाकत म्हणतात, "उतरा की, निदान सायकलला तरी आराम!" पुणं निरोपसुद्धा असाच देतं. पुढे पिरंगुटचा घाट. वाटलं, एवढं वळण घेतलं की संपलं. घेतलं. आणि समोर काय? चढ!

मुळशीला धरणाकाठी लोक फोटो काढत होते, मी श्वास काढत होतो. उतार आला की माणसाला आनंद व्हावा ना? कसला! उतार संपला की समोर काय? चढ! टपरीवरच्या बाईंना विचारलं, "मावशी, चढ अजून किती?" तर म्हणतात, "हाय की, थोडा!" थोडा?! त्या मावशींनी थोडं जेवायला वाढलं तर माणूस उठायचा नाही!

आणि मग ताम्हिणीला एकदम रस्ताच खाली गेला हो. खाली सगळं कोकण! ब्रेक दाबून दाबून बोटं वाकडी झाली, वारा कानात, आणि तुम्हाला खोटं वाटेल... रडलो मी. आपण काहीतरी संपवतोय, ही भावनाच नवीन!

दिवेलागणीला पोचलो. दारात सासरे, तात्याराव. वरपासून खालपर्यंत न्याहाळलं मला. "या, दिग्विजयराव. एसटी बंद आहे का?" मागून पूर्वा आली, हातात पाणी. डोळे भरले होते हो तिचे, शपथ! मी म्हटलं, "केलं बघ शेवटपर्यंत." हसली. म्हणाली, "छान. पण जाऊन येणं म्हणतात ना? आता तसाच सायकलने घरी जा, मी पाठोपाठ येतेच." अहो, येताना जो उतरलो तो आख्खा घाट... समोर काय? चढ!

आज सकाळी निघालो. खरंच निघालो! पायथ्याशी थांबून वर पाहिलं, आणि तेवढ्यात मागून एसटी. हात मी केला नाही, तो आपोआप वर गेला. कंडक्टर म्हणाला, "सायकल टपावर, तुम्ही आत. उलटं करू नका." म्हटलं, स्वारगेटला उतरू, तिथून गुपचूप पायडल मारत घरी, कोणाला कळतंय?

इथे उतरतोय तर फोन. "कुठे पोचलास रे? फार त्रास होतोय का?" किती काळजी आवाजात! मी आपल्या धापा टाकल्या, "घाटातच आहे गं... लई चढ..." आणि त्याच क्षणी डोक्यावरचा भोंगा, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, माणगाव गाडी फलाटावर..."

तिने ऐकलं. मग एवढंच, "घाटात फलाट कधी झाला?" ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं... तेव्हापासून उचलत नाहीये.

ही रांग माणगावचीच ना? पायथ्याशी उतरेन आणि या वेळी खरंच चढेन म्हणतो. काय? अर्ध्यातूनच परत येईन?

येईन बहुतेक. तुम्ही तेवढं मागचं चाक धरा, टपावर चढवू.